डॉक्टरांनी एकदा पाहावं

मेसा, ॲरिझोना
८ सप्टेंबर २०१४

प्रिय आर्डिस,

चोकचेरीचा मुरंबा पोचला. एक बरणी व्हर्ननं उभ्या उभ्या चमच्यानं संपवली, आणि वर मलाच विचारतो, आर्डिसनं दोनच पाठवल्या का? नाकात ऑक्सिजनची नळी आहे, पण खाण्याच्या आड ती येत नाही.

आता कामाचं. फोनचा मला अगदी वैताग आलाय. कानात यंत्र घातलं तरी बाबा हो म्हणाले की नको, ते कळत नाही. म्हणून व्हर्न बोलतो, आणि अर्ध्या तासाच्या बोलण्याचा मला एका शब्दात निकाल देतो: 'बरे आहेत.' आपल्या घरात जन्मापासून सगळे बरेच आहेत. आजोबांचा पाय मळणीयंत्रात गेला तेव्हाही ते बरेच होते.

पण या खेपेला वृद्धांच्या होममधल्या नर्सनं त्याला सांगितलं, की बाबा ताटातलं मांस बाजूला सारतात, नुसता कुस्करलेला बटाटा खातात, डाव्या बाजूनं चावतच नाहीत. तू दर गुरुवारी तिथल्या म्हाताऱ्यांचे दात साफ करायला जातेसच. मग घरच्या म्हाताऱ्यानं काय पाप केलंय? तुझी आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस, बाबांनी तुला मांडीवर घेऊन लिलाव पुकारलेत. आम्हा सगळ्यांत त्यांची लाडकी तू. जरा बघ त्यांच्याकडे.

मला वसंतापर्यंत इथून हलता येत नाही. व्हर्नला सोडून कशी येऊ? माझे डोळे तूच.

तुझी,
डोरीन


नॉर्बी
१९ सप्टेंबर

प्रिय डोरीन,

काल मामांना भेटले. मला बघून म्हणाले, "आली का सरकारी बाई हत्यारं घेऊन! आधी शेजारच्या खोलीतल्या ओलाफकडे जा, त्याच्या तोंडाचा वास इथवर येतो."

तुला वाटतं, मी पिशवी उचलली, गेले आणि साफ केलं. तसं नसतं गं. मी होममध्ये जाते ती दंतवैद्य डॉ. लिंडक्विस्टांच्या लेखी परवानगीवर. मी काम करताना ते तिथं हजर नसले तरी आपल्या राज्यात चालतं. पण ज्याच्या तोंडात मी हत्यार घालणार, त्याला त्यांनी वर्षाच्या आत स्वतः तपासलेलं असायला हवं. मामांचं वर्ष कधीच उलटून गेलंय. का, तर प्रत्येक वेळी डॉक्टर आले की हे म्हणणार, आधी बाकीच्यांचं होऊ द्या. म्हणजे कायद्यानं मी त्यांच्या दातांवरचं किटणही खरवडू शकत नाही. ब्रशनं घासून देऊ शकते, कारण तेवढं रस्त्यावरचा कुणीही करू शकतो. तेवढं केलं.

डावीकडे, जिभेच्या कडेला, एक जागा आहे. ती डॉक्टरांनी एकदा पाहावी. नर्सलाही तसं सांगितलंय. लिंडक्विस्टांना कळवलं, पण त्यांच्या छातीत दुखतंय म्हणून ते सध्या दवाखाना अर्धा दिवसच उघडतात आणि होममध्ये येत नाहीत. शहरात न्यावं लागेल. तू मुलगी आहेस, तू होमच्या ऑफिसला लिहिलंस तर गाडी मिळेल.

मामांनी तिथल्या बायकांना कॉफीच्या टेबलावर बसवून जुन्या खुर्चीचा लिलाव पुकारून दाखवला. श्वास न घेता. नर्ससुद्धा बोली लावत होती.

व्हर्नला आठवण सांग. मुरंब्याच्या दोनच बरण्या केल्या होत्या असं सांग त्याला.

आर्डिस


मेसा
५ ऑक्टोबर

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र व्हर्नला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणतो, दाढेचा कोपरा फुटला असणार, तो जिभेला घासतोय. त्याच्या भावाचं असंच झालं होतं. मग मी बाबांकडे फोन करवला. बाबा म्हणाले, "जिभेवर फोड आलाय, अजून काय. एवढी वर्षं वापरली, झिजणारच." आणि त्या तंबाखूची चिमूट अजून ओठाखाली ठेवतात की नाही, हे विचारल्यावर फोन ठेवून दिला!

सत्त्याऐंशीच्या माणसाला, मोडक्या कमरेच्या, त्या खडखडणाऱ्या गाडीत दोन तास बसवून शहरात न्यायचं, का तर एका दाढेचा कोपरा टोचतो म्हणून? तूच कानस फिरवून टाक ना. सगळी हयात तू हेच करत आलीस. लिंडक्विस्टांपेक्षा तुझा हात हलका आहे, हे अख्खं गाव जाणतं.

व्हर्नची बहीण कोलोराडोत असते. तिथं तुझ्यासारख्याच एका हायजिनिस्टनं स्वतःचं दुकान थाटलंय, दारावर तिच्याच नावाची पाटी, दंतवैद्याचा पत्ता नाही. बाई दात साफ करते, क्ष-किरण फोटो काढते, कुणाला विचारत नाही. आणि तुम्ही तिथं एका कानशीसाठी सही मागत फिरता. तुम्ही काय शाळकरी पोरी आहात का? रागावू नकोस. पण मला खरंच कळत नाही.

डोरीन


नॉर्बी
२४ ऑक्टोबर

प्रिय डोरीन,

रागावले नाही. थोडी रागावले.

कोलोराडो म्हणजे कोलोराडो. तिथली बाई सीमा ओलांडून इथं आली, तर तिलाही माझ्यासारखंच हात बांधून उभं राहावं लागेल. दात तेच, हत्यार तेच. इथं कानस लावली तर तो माझ्याकडून गुन्हा होतो. भूल देता येते मला, शिकलेय, परीक्षा पास आहे, पण डॉक्टर त्याच इमारतीत असला तरच. आणि जे दिसलं त्याला नाव द्यायचा अधिकार तर डॉक्टर इमारतीत असला तरी मला नाही. 'डॉक्टरांनी एकदा पाहावं', एवढंच माझं वाक्य. ते आम्हाला शाळेतच घोटून घेतात.

आणि ते मोडलं की काय होतं ते मला माहीत आहे. ग्लॅडिस हाउगेनचं तुला कुणी कळवलं नसेल. दोन वर्षांपूर्वी तिच्या गालात मला काहीतरी दिसलं आणि मी आपुलकीनं म्हणून गेले, ग्लॅडिस, हे मला कॅन्सरसारखं वाटतंय, उद्याच्या उद्या जा. तिनं घरी जाऊन सगळ्या सुनांना बोलावलं, चिनी मातीची भांडी वाटून टाकली, चर्चमध्ये कुठली गाणी गायची ते ठरवलं. निघालं काय, तर गाल चावून चावून झालेला घट्टा. भांडी तिला परत मागवेनात. तिनं राज्याच्या दंतवैद्यक मंडळाकडे तक्रार केली आणि मला लेखी समज मिळाली. पुन्हा असं झालं की परवाना गेला. मी तेव्हा चुकले होते, डोरीन. नुसती कायद्यात नाही, तोंडात जे होतं तेही मला ओळखता आलं नव्हतं.

आता पुढचं. लिंडक्विस्टांनी दवाखाना बंद केला. डॉक्टर नाही म्हणजे त्यांची परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणजे माझे गुरुवारही गेले. मी आता किराणा दुकानात गल्ल्यावर बसते. गावचे लोक म्हणतात वसंतात एक तरुण दंतवैद्य येणार आहे, तो मला घेईल, पण परवान्यावर दुसरा डाग नसेल तरच.

मामांना आता भेटायला जाते ती नुसती भेटायला. महिन्याला येणाऱ्या डॉक्टरांना नर्सनं ती जागा दाखवली. मामा त्यांना म्हणाले काही नाही, दात जिभेला घासतोय. ते म्हणाले मग दंतवैद्याला दाखवा. झालं.

त्यांना शहरात पाठव. मला यापुढे लिहिता येत नाही. कृपा करून पाठव.

आर्डिस


लुथरन होम, नॉर्बी
७ डिसेंबर

डोरीन पोरी,

तू ऑफिसला पत्र लिहून इथं धमाल उडवून दिलीस. मॅनेजरबाई माझ्याशी एकदम गोड बोलायला लागल्या.

म्हणून कळवतो. मी बरा आहे. इथं जेवण गरम असतं, खोली गरम असते, बाहेर गेटचा खांब बर्फात बुडालाय. आर्डिसनं पाद्रीबाईंच्या ओळखीनं शहरातल्या कुठल्याशा दंतवैद्याची गेल्या मंगळवारची वेळ मिळवली होती. गाडीत चाकाची एकच खुर्ची बसते. आणि माझा खोलीसोबती क्लॅरेन्स, तुला माहीत आहे, तो बेर्गच्या शेताशेजारचा, गाल सुजवून तीन रात्री कण्हतोय. माणूस रडतो गं, नव्वदीचा. मग मी माझी वेळ त्याला देऊन टाकली. त्याची दाढ काढली, आता घोरतो. मला फेब्रुवारीच्या तोंडाशी दुसरी देणार आहेत.

आर्डिसला अजून सांगितलेलं नाही, उगाच ओरडेल. तूही सांगू नको. मी काय बेजबाबदार नाही. मागच्या महिन्यात ती आली तेव्हा मी तिला सरळ विचारलं, पोरी, याची घाई आहे का? ती खाली बघून म्हणाली, "ते डॉक्टर ठरवतील, मामा. त्यांनी एकदा पाहावं." म्हणजे घाई नाही. घाई असती तर ती बोलली असती. माझ्या मांडीवर वाढलेली पोर ती, माझ्यापासून काय लपवणार?

बोलताना शब्द जरा अडकतात. ख्रिसमसला माझ्या जुन्या दोस्ताच्या, जे. पी. च्या, नातवाला लिलाव शिकवणार होतो, ते राहू देतो या वर्षी. तू येशील तेव्हा तुझ्या आईच्या कृतीचा लेफ्सा करू. बटाट्याची मऊ पोळी ती, खाता येईल.

व्हर्नला म्हणावं, श्वास घेत राहा.

बाबा


मेसा
१८ जानेवारी २०१५

आर्डिस,

नर्सचा फोन आला होता. बाबा आता पातळ सूप तेवढं घेतात, तेही मान एका बाजूला कलती करून. वजन उतरलंय. कान दुखतो म्हणतात, डावा. मानेवर काही लागतं हाताला, असं ती म्हणाली. व्हर्ननं विचारलं काय लागतं? तर म्हणाली, ते डॉक्टर सांगतील.

तुम्ही सगळे तिथं एकच वाक्य पाठ करून बसलात का?

बाबांनी डिसेंबरातली वेळ क्लॅरेन्सला देऊन टाकली. त्यांनी मला सांगू नको म्हटलं आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं म्हाताऱ्याचा चांगुलपणा, राहू दे. मीही तुझ्यासारखीच गप्प बसले, हे मला ठाऊक आहे.

पण आता मी तुला विचारतेय, मंडळाला नाही. तुझं पत्र मी जाळून टाकीन हवं तर. तू सप्टेंबरात काय पाहिलंस? सरळ सांग.

डोरीन


नॉर्बी
२ फेब्रुवारी

डोरीन,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्यांना माझ्या गाडीत घातलं. दुकानातल्या दोन पोरांनी उचलून बसवलं. वेळ ठरलेली नव्हती, तशीच त्या दंतवैद्याच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यानं तोंड उघडायला लावलं, दिवा आत धरला आणि लगेच बंद केला. त्यानंच पलीकडच्या हॉस्पिटलात फोन लावला. तपासणीसाठी तिथला तुकडा काढला. काल कळलं.

कॅन्सर आहे. जिभेत खोल गेलाय आणि मानेतल्या गाठींत. सर्जन म्हणाले, या वयात आता कापून उपयोग नाही. दुखणार नाही एवढं बघू. मी विचारलं, शरदात आणलं असतं तर? ते म्हणाले, कदाचित कडेचा छोटा तुकडा काढून भागलं असतं. कदाचित, असं म्हणाले ते. मी तो शब्द घट्ट धरून दोन तास गाडी चालवली आणि घरी येईपर्यंत तो माझ्या हातात उरला नाही.

तू विचारलंस म्हणून. सप्टेंबरात एक लालपांढरा चट्टा होता, बोटाच्या नखाएवढा, बोट लावलं तर कडक. शेजारची दाढ धड होती. कुठलाच कोपरा फुटला नव्हता. मी पाहिलं आणि मला त्या क्षणी वाटलं की हे तेच आहे. मग ग्लॅडिस आठवली, आणि मी स्वतःला सांगितलं की तुला काय कळतं.

डिसेंबरची वेळ त्यांनी दिल्याचं मला ख्रिसमसला कळलं. तेव्हाही मी फेब्रुवारीची वाट पाहिली.

आर्डिस


मेसा
९ फेब्रुवारी

आर्डिस,

चार दिवस लिहिता आलं नाही. आता लिहिते ते वाच आणि उत्तर देऊ नकोस.

व्हर्न म्हणतो कायद्यानं तिचे हात बांधले होते. मी त्याला म्हटलं, हात बांधले होते, जीभ नव्हती बांधली. तू दंतवैद्याशिवाय किटण काढू शकत नाहीस, ठीक. कानस लावू शकत नाहीस, ठीक. पण तिथं हायजिनिस्ट एकटीच गेली होती का? त्यांची भाची कुठे होती? भाचीला 'मामा, मला भीती वाटते' एवढं म्हणायला कुठला परवाना लागत होता? दाढ घासतेय असं व्हर्ननं ठरवलं, ते मी तुला लिहून कळवलं. तुला ठाऊक होतं की दाढ धड आहे. तू मला उत्तरात कोलोराडो समजावून सांगितलंस. ग्लॅडिसच्या भांड्यांची गोष्ट सांगितलीस. मी हसलेसुद्धा होते ती वाचून.

मी माझे डोळे तुला दिले होते.

मीही गाढव. 'कृपा करून' असं आपल्या घरात कुणी आयुष्यात लिहीत नाही. त्या एका शब्दावर मला विमान पकडायला हवं होतं. मी वाचलं आणि म्हटलं, आर्डिस हल्ली जरा हळवी झालीय.

डोरीन


नॉर्बी
३ मार्च

डोरीन,

उत्तर देऊ नको म्हणालीस. पण त्यांची बातमी तुला दुसरं कोण कळवणार?

गिळता येत नाही. औषध जिभेखाली थेंबाथेंबानं देतात, त्यानं झोप लागते. बोलणं गेलं. मी दुकान सोडलंय, दिवसभर तिथंच असते. तोंड कोरडं पडतं, म्हणून ओल्या स्पंजनं पुसून काढते, ओठांना मलम लावते. परवाना मी मंडळाला परत पाठवला. कुणी मागितला नव्हता. वसंतातल्या त्या तरुण डॉक्टरालाही नको म्हणून कळवलं.

गेल्या आठवड्यात हायजिनिस्टांच्या संघटनेची एक बाई आली होती. आपल्या राजधानीत नवं विधेयक येतंय, होममध्ये आम्हाला डॉक्टरच्या तपासणीआधीही काम करू द्यावं म्हणून. तिला कुणीतरी मामांचं सांगितलं होतं. म्हणाली, तुम्ही आमदारांसमोर येऊन बोला, कायद्यानं तुमचं तोंड बंद केलं आणि एक माणूस जातोय, हे त्यांना ऐकू द्या. चांगली बाई होती. विधेयकही चांगलं आहे, पास व्हायला हवं. पण मी नाही म्हटलं. तिला कारण सांगितलं नाही, तुला सांगते. मामांनी मला घाई आहे का विचारलं, तेव्हा दार लोटलेलं होतं. क्लॅरेन्स जेवायला गेला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. मंडळ नव्हतं, कुणी नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी खाली बघितलं. मला गावात नवा डॉक्टर यायला हवा होता आणि माझे गुरुवार परत हवे होते. आमदारांना यातलं काय सांगू?

काल ते जागे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. तो चट्टा मला पहिल्या दिवशीच कळला होता, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. डोळे मिटले, मला वाटलं झोपले. मग हात शोधत शोधत माझ्या हातावर ठेवला आणि दोनदा थोपटलं, लहानपणी मी त्यांच्या मांडीवर रडायला लागले की थोपटायचे तसं.

मला ते नको होतं, डोरीन. त्यांनी हात झटकायला हवा होता. एकदा तरी आयुष्यात त्यांनी कुणावर ओरडायला हवं होतं. तू लिहिलंस ते पत्र मी उशाखाली ठेवलंय, कारण या घरात खरं बोललेलं तेवढंच आहे.

नर्स म्हणते, फार तर हा आठवडा. व्हर्नसाठी शेजारणीला सांग, नाहीतर त्याला घेऊनच ये, नळीसकट. मी विमानतळावर गाडी घेऊन उभी राहीन. वाटेत माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस तरी चालेल. पण तुला जे म्हणायचंय ते त्यांच्यासमोर मला म्हण, मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं.

आर्डिस